हॅलो, तुम्ही कोणाचे?

पेडणे तालुक्यातल्या आमच्या घराच्या सोप्यावर आजी बसलेली असली की अनोळखी माणसाची काही धडगत नसायची. भांडी विकणारा असो, सर्व्हे करणारा असो, नाहीतर वाट चुकलेला कोणी असो. आजीचे प्रश्न ठरलेले. "खंयचो रे तूं? कोणालो?" गाव सांगितलं की वाडा विचारायची, वाडा सांगितला की त्या वाड्यावरची दोन नावं विचारायची. तहानलेल्याला पाणी द्यायची, गुळाचा खडाही द्यायची. पण सगळी उत्तरं जुळल्याशिवाय उंबऱ्याच्या आत कोणाला घ्यायची नाही. लहानपणी मला याची लाज वाटायची. आलेल्या माणसाची एवढी उलटतपासणी कशाला, असं वाटायचं.

आता वाटतं, आजी बरोबर होती. कारण आज अनोळखी माणूस सोप्यावरून येत नाही. तो थेट स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत, मावशीच्या कानाशी येतो. आणि त्याला "कोणालो?" असं विचारायचं आपण विसरलो आहोत.

मावशीचीच गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे.

मावशी डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात राहते. काका खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या सगळ्यात ट्रक गेला, कर्ज राहिलं. काका आता दुसऱ्याची गाडी चालवतात. मावशी परसातली भाजी डिचोलीच्या बाजारात विकते आणि सरकारी योजनेचे जे पैसे खात्यात येतात ते शक्यतो काढत नाही. असे करून तिने सेहेचाळीस हजार रुपये जमवले होते. पावसाआधी घराचे वासे आणि कौलं बदलायची होती.

मे महिन्यात एका सकाळी तिला फोन आला. फोनवरच्या ॲपने खात्याचं नाव दाखवलं. व्हॉट्सॲपच्या फोटोत राजमुद्रा होती. बोलणाऱ्याला मावशीचं पूर्ण नाव माहीत होतं, योजना माहीत होती. "केवायसी झाली नाही, आज केली नाही तर पुढच्या महिन्यापासून पैसे बंद," असं त्याने सांगितलं. मग त्याने एक फॉर्म पाठवला. तो फॉर्म नव्हता, एपीके होती, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. मावशीने ती उघडली, जिथे जिथे विचारलं तिथे तिथे ‘हो’ दाबलं, मागितलेली माहिती भरली. तो मध्ये मध्ये सांगत होता, "फोन ठेवू नका. कोणाला बोलावू नका, हे गोपनीय आहे."

त्या रात्री तीन वेळा मिळून खातं जवळजवळ रिकामं झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मावशीने ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता. "ओटीपी सांगायचा नाही" हा नियम तिला पाठ होता. पण असलं ॲप एकदा फोनमध्ये बसलं आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी सांगावा लागतच नाही. पलीकडचा माणूस तो स्वतःच वाचतो. आपण नियम पाठ करून बसतो, तोवर चोर नवी पद्धत काढतो.

पण मला खरा धक्का पैशांचा बसला नाही. मावशीने ही गोष्ट नऊ दिवस कोणालाच सांगितली नाही. काकांनी कौलांसाठी पैसे काढायला सांगितले तेव्हा सगळं बाहेर आलं. मी तिला विचारलं, "मावशी, त्याच रात्री फोन का नाही केलास मला?" ती म्हणाली, "तुम्ही हसला असता."

यावर मला काही बोलता आलं नाही. कारण आम्ही खरंच हसलो होतो. त्याआधीच्या चवथीला फुकट रिचार्जचा कसलासा मेसेज तिने खरा मानून सगळ्यांना पाठवला होता. आम्ही भावंडांनी माटोळीखाली बसून तिची नक्कल केली होती. तीही आमच्याबरोबर हसली होती. आम्ही ते विसरलो, ती विसरली नव्हती.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. फोनवरचा चोर ओळखायचं कौशल्य महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते फसलेल्या माणसाला घरात लगेच बोलता येणं. पहिलं कधी ना कधी चुकणारच. दुसरं आपल्या हातात आहे.

आधी ओळखण्याबद्दल बोलूया. सगळ्यात सोपा सल्ला म्हणजे "अनोळखी नंबर उचलूच नका." हा सल्ला देणाऱ्याला गोव्यातलं घर माहीत नसावं. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे पप्पा तारवटी आहेत. बोट ज्या बंदराला लागेल तिथल्या नंबरवरून फोन येतो, तोही कधी रात्री दोनला. पेडण्यातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी आखातात आहे. गोमेकॉत माणूस ॲडमिट असला तर वॉर्डातून कुठल्या नंबरवरून फोन येईल ते सांगता येत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या भागातली मुलं अर्ज भरून इंटरव्ह्यूच्या फोनची वाट बघत बसलेली असतात. ती अनोळखी नंबर नाही उचलणार तर कोण उचलणार? आणि नेमकं हेच चोराला माहीत असतं. "विमानतळावर नोकरी पक्की, फक्त युनिफॉर्मचे दोन हजार आधी भरा," हा फोन माझ्या चुलतभावालाही येऊन गेला. त्याने पैसे भरले नाहीत, कारण त्याच्याकडे त्या दिवशी दोन हजार नव्हते. तो स्वतःच हे हसत सांगतो.

दुसरा सल्ला, "ट्रूकॉलर टाका, नाव दिसतं." स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या या ॲपचे सगळ्यात जास्त वापरकर्ते भारतात आहेत, आणि त्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. शेकडो लोकांनी ‘स्पॅम’ म्हणून नोंदवलेला नंबर लाल रंगात दिसला तर आपण सावध होतोच. पण तिथे दिसणारं नाव कुठून येतं ते समजून घ्या. ते त्या माणसाने स्वतः भरलेलं असू शकतं, किंवा इतरांनी सुचवलेलं. ते ओळखपत्र नव्हे. सिमकार्ड घेताना दिलेलं नावच समोरच्या फोनवर दिसावं, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ही पद्धत जास्त भरवशाची आहे. पण सिमच दुसऱ्याच्या नावावर घेतलेलं असेल तर त्या दुसऱ्याचंच नाव दिसणार.

नंबरही खोटा असू शकतो. परदेशातून केलेला फोन प्लस ९१ असा भारतीय नंबर दाखवू शकतो. असे फोन अडवणारी यंत्रणा दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख फोन पकडले गेले. बँका आणि इतर वित्तसंस्थांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आणि जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत, हे मात्र घरी जरूर सांगा. दहा आकडी साध्या मोबाइलवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला तर शंका घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

थोडक्यात, नाव, फोटो, नंबर, गणवेश हे सगळं सोंग असू शकतं. आणि सोंग म्हणजे काय हे आपल्या पेडणे-डिचोलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. जत्रेत रात्रभर दहीकालो बघत आपण मोठे झालो. दुपारी आपल्याबरोबर चहा पिणारा माणूस रात्री मुकुट घालून राजा होतो, लुगडं नेसून राणी होतो, आणि आपण खरोखर रडतो. फरक इतकाच, की दशावतारात सोंग आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि पहाटे रंग उतरतो. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस घालून बसलेल्याचा रंग आपले पैसे गेल्यावरच उतरतो. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या चोरांचंही तसंच. पोलीस, बँक, कस्टम, वीज खातं, सगळ्यांचं सोंग त्यांना येतं. पण शेवटी पैसा खरा लागतो आणि तो आपल्याकडूनच घ्यावा लागतो. त्यामुळे समोरचा कोण आहे हे कळलं नाही तरी चालेल, तो काय मागतो आहे तिकडे लक्ष ठेवा. पैसे, फाइल उघडणं, स्क्रीन दाखवणं, आणि "कोणाला सांगू नका". या चारपैकी एक जरी आलं तरी फोन ठेवायचा. मग पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या मागचा नंबर बघून आपणच फोन करायचा, नाहीतर सरळ शाखेत जायचं. आजीची पद्धत तीच होती. आलेल्याने दिलेला पुरावा ती कधी मानत नव्हती, स्वतःच्या ओळखीतून खात्री करत होती.

कोणी म्हणेल, शिकलेली माणसं फसत नाहीत, अडाणीच फसतात. किंवा, लोभी माणूसच फसतो. मला हे मत पटत नाही. २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना अशाच टोळीने ७ कोटी रुपयांना फसवलं. त्यांचं वय तेव्हा ८२ होतं आणि ते पद्मभूषण मिळालेले उद्योगपती आहेत. त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलवर चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय उभं केलं होतं, खोट्या सरन्यायाधीशांसकट. त्यांना लोभ नव्हता, भीती घातली होती. माझ्या मावशीलाही लोभ नव्हता. हक्काचे पैसे बंद होतील ही भीती होती. या ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल एकच वाक्य लक्षात ठेवा. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि सुटकेसाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत.

ओसवाल यांच्या प्रकरणातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी तक्रार केली आणि पोलिसांना ७ पैकी सव्वापाच कोटी परत मिळवता आले. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तो एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत फुटतो आणि मग काढला जातो. हे व्हायच्या आत १९३० या नंबरवर फोन केला तर ज्या खात्यात पैसा पोचला असेल तिथे तो गोठवता येतो. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही करता येते, आणि गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व आहे. आपली चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही. चूक आपली असली तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे. आमच्या मावशीचे नऊ दिवस गेले. ते चोराने नेले नाहीत, आमच्या हसण्याने नेले.

भारतात २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी, असं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. हे नोंदवलेले आकडे. लाजेने न सांगितलेले किती असतील त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

सगळा भार मावशीवर टाकणंही मला मान्य नाही. तिच्या बँकेचे सावधगिरीचे मेसेज तिला इंग्रजीत येतात. ती चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, देवळातली पोथी घडाघडा वाचते. चोर तिच्याशी मोडक्यातोडक्या का होईना, मराठीत बोलला. तिला वाचवायला निघालेला मेसेज मात्र तिला न कळणाऱ्या भाषेत आला. भाषेवर प्रेम करणारे म्हणून आपण मंडळात जमतो, कविता वाचतो, मराठी दिन साजरा करतो. हेही आपलंच काम नाही का?

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला, म्हणजे कॉलेजच्या मुलामुलींना, थेट लागू होते. हा पैसा ज्या खात्यांतून फिरतो ती खाती कोणाची असतात? बऱ्याचदा आपल्याच वयाच्या मुलांची. "तुझं खातं पंधरा दिवस वापरायला दे, पाच हजार घे." "तुझ्या नावावर दोन सिम काढून दे." ओळखीतल्या एका मुलाला असं विचारलं गेलं होतं. त्याला ती सोपी कमाई वाटली, सुदैवाने त्याच्या बहिणीने अडवलं. त्या पाच हजारांत कोणाच्या तरी मावशीची कौलं असतात, हे लक्षात ठेवा. खातं गोठतं, पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येतात, ते वेगळंच. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे ‘संचार साथी’ पोर्टलवर दोन मिनिटांत बघता येतं. आपण न घेतलेलं दिसलं तर तिथेच कळवता येतं. हा लेख वाचून झाल्यावर एवढं तरी करा.

आणि हो, फोनच्या पलीकडचा माणूसही दर वेळी स्वतःच्या मर्जीने बसलेला असतोच असं नाही. कंबोडिया आणि म्यानमारमध्ये लाखो लोकांना नोकरीच्या आमिषाने नेऊन असे फोन करायला जुंपल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. परदेशात नोकरी म्हटल्यावर डोळे लकाकतात अशा आपल्या गोव्याने हेही वाचून ठेवलं पाहिजे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. या सुट्टीत आपण साध्या मराठीत आणि कोकणीत एका पानाचं पत्रक करूया. त्यात इंग्रजी शब्दांचा भडिमार नको. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत, वर सांगितलेल्या चार खुणा, आणि शेवटी एक ओळ: "फसलात तर लाजू नका, आत्ता सांगा." पेडणे, डिचोली, बार्देस, ज्याचं जे गाव तिथल्या पंचायतीत, देवळात, चॅपेलमध्ये, बाजारात ते लावूया. आणि पत्रक लावायच्या आधी प्रत्येकाने आपल्या घरात अर्धा तास बसावं. आईचा फोन हातात घेऊन ती बघत असताना नको ती ॲप्स काढावीत. तिने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर तिसऱ्यांदा उत्तर द्यावं. आपल्याला अ-आ-इ शिकवताना तिने कितीदा सांगितलं असेल ते आठवावं.

मावशीचे पैसे परत आलेले नाहीत. तक्रार केली आहे, कागद जपून ठेवला आहे. त्या पावसाळ्यात घरावर ताडपत्री होती. पण मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते तेव्हा तिचा फोन वाजला. कोणीतरी "हेड ऑफिस"मधून बोलत होता. मावशीने फोन स्पीकरवर टाकला, पदराला हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "तुमी खंयचे? कोणाले?" पलीकडे थोडा गोंधळ झाला. मावशी म्हणाली, "बरें. हांव बँकेंत येवन विचारतां."

फोन पलीकडूनच बंद झाला. मावशी माझ्याकडे बघून हसली. या वेळी आम्ही दोघीही हसलो.